‘यातलं ओरिजिनल काय?’ : आइल ऑफ मॅनवर जुन्या रेसर बघताना

ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात असलेल्या आइल ऑफ मॅन बेटावर जायचं तर जूनमध्ये, टीटीच्या, म्हणजे ‘टूरिस्ट ट्रॉफी’ या मोटारसायकल शर्यतींच्या वेळी, असं जो तो सांगतो. मी मुद्दाम ऑगस्टच्या अखेरीस गेलो. जूनमध्ये तिथे आजच्या सुपरबाइक धावतात. २०२३ मध्ये रायडर पीटर हिकमनने त्याच रस्त्यावर ताशी १३६.३५८ मैलांची, म्हणजे जवळजवळ २१९ किलोमीटरची फेरी मारली. ते बघण्यासारखं असेलच, पण मला ऐकायच्या होत्या एका सिलिंडरच्या जुन्या नॉर्टन, एजेएस, मॅचलेस. त्यांच्यासाठी मॅन्क्स, म्हणजे मॅन बेटाची, ग्रां प्री. ही शर्यत १९२३ साली हौशी रायडरांसाठी सुरू झाली. रस्ता टीटीचाच, गर्दी कमी, आणि आता तिच्यात क्लासिक गाड्यांचे वेगळे गट असतात.

इंग्लंडमधल्या हेशॅम बंदरातून डग्लसला बोटीने पावणेचार तास लागतात. बंदराला खेटून अणुवीज केंद्र आहे, त्यामुळे निघतानाचं दृश्य काही फोटो काढण्यासारखं नाही. बघण्यासारखी होती ती बोटीसमोरची रांग. दर दोन-तीन व्हॅनमागे एकीचा मागचा दरवाजा उघडा, आत पट्ट्यांनी आवळलेली एखादी रुपेरी टाकी, आणि दाराशी चार माणसं वाकून काहीतरी बघतायत. ओळखदेख नसताना. ‘टायमिंग किती ठेवलंय?’ हाच नमस्कार.

बेट लहान आहे. लांबी ५० किलोमीटरच्या थोडी वर, वस्ती ८४ हजारांच्या आसपास. ते ब्रिटिश राजसत्तेखाली असलं तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाही. त्याची स्वतःची संसद आहे, टिनवाल्ड, आणि स्वतःचे कायदे. शर्यत इथे आली ती त्या कायद्यांमुळेच. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा घातली होती आणि सार्वजनिक रस्ता शर्यतीसाठी बंद करायला परवानगी नव्हती. मॅन्क्स संसदेने १९०४ मध्ये तशी परवानगी देणारा कायदा करून टाकला. आधी मोटारी आल्या, १९०७ मध्ये मोटारसायकलींची टीटी. पहिल्या टीटीत एक सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर मॅचलेसवर जिंकला, दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर नॉर्टनवर. त्या नॉर्टनचं इंजिन मात्र प्यूजोचं होतं! म्हणजे ज्या नॉर्टनला ‘अस्सल ब्रिटिश’ म्हणून लोक डोळे पुसतात, तिच्या पहिल्या टीटी विजयात फ्रेंच इंजिन धडधडत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पोचल्यावर पहिल्या दिवशी डोंगर दिसलाच नाही. स्नेफेलवर धुकं बसलं होतं. दंतकथा अशी की समुद्रदेव मॅनानान शत्रूपासून बेट लपवायला आपली शाल पसरतो. आयोजकांची अडचण साधी असते: वर धुकं असलं की जखमीला उचलायला हेलिकॉप्टर उडू शकत नाही, आणि ते उडू शकत नसेल तर शर्यत सुटत नाही. मग सराव पुढे ढकलला, पुन्हा पुढे ढकलला. कुणी वैतागलेलं दिसलं नाही. सगळे पॅडॉकमध्ये जमले.

पॅडॉक म्हणजे ग्रँडस्टँडमागचं तंबूंचं गाव. कुठेही आत शिरा, कुणी हटकत नाही. एका तंबूत ५०० सीसीची मॅन्क्स नॉर्टन स्टँडवर होती. ही गाडी जवळून पाहिली की तिचं इंजिन डोक्यात बसतं. सिलिंडर एकच, वर व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट, आणि त्यांना फिरवायला उजव्या बाजूने वर जाणारा उभा शाफ्ट, दोन्ही टोकांना बेव्हल गिअर. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा केसातल्या पिनेच्या आकाराच्या आणि चक्क उघड्या. हवेने गार राहतात, तुटली तर पटकन बदलता येते. आणि अर्थातच तिथून तेल गळतं. मॅन्क्सवाल्याचे बूट कोरडे दिसले तर समजावं, आज गाडी चाललेली नाही.

ती सुरू करणं हा एक सोहळाच. आधी गरम प्लग, म्हणजे इंजिन तापवण्यापुरता नरम प्लग, लावला. अमलच्या कार्बोरेटरचा फ्लोट बोटाने दाबून पेट्रोल वर येऊ दिलं, बोटं ओली झाली, ती पँटला पुसली. किक नाहीच. गाडी गिअरमध्ये, क्लच दाबलेला, दोघांनी मागून ढकललं, रायडर एका बाजूने सीटवर आदळला, क्लच सोडला. एकदा खोकली. दुसऱ्यांदा पकडलं. आणि पकडल्यावर तंबूच्या कापडाला जो हादरा बसला तो छातीतही बसला. एक-एक ठोका मोजता येईल असं फायरिंग, टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या मेगाफोन एक्झॉस्टमधून थेट बाहेर. मागोमाग एरंडेल तेलाचा जळका, गोडसर वास. कॅस्ट्रॉल आर. इंजिन तापल्यावर गाडी बंद, गरम प्लग काढला, शर्यतीचा थंड प्लग लावला, आता पुन्हा धक्का. हे सगळं एक सत्तरीपुढचे गृहस्थ एकही शब्द न बोलता करत होते. रायडर त्यांचा नातू होता.

गाडी बंद झाल्यावर शेजारच्या तंबूतून आलेल्या एकाने विचारलं, “यातलं ओरिजिनल काय?”

आजोबांनी क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या तळाच्या पेटीवर, बोट ठेवलं. “हे. एकोणसाठचं.” मग जरा थांबून, “अर्धं.”

बाकी सगळं नवीन. फ्रेम नवी, बॅरल नवं, हेड नवं, गिअरबॉक्स नवा. आज क्लासिक शर्यतीत धावणाऱ्या कितीतरी मॅन्क्स अशाच आहेत, आणि काही तर नखशिखांत नव्या, जुन्या नकाशांवरून आज घडवलेल्या. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट होती. त्याच्या मते ही ‘प्रतिकृती’. मला ते अजिबात पटलं नाही, आणि उरलेल्या मुक्कामात हाच वाद मी जिथे तिथे उकरून काढला.

कारण या गाड्यांचा इतिहासच मुळी सुट्या भागांचा आहे. नॉर्टनची आधीची रेसिंग फ्रेम, जिला ‘गार्डन गेट’ म्हणत, नव्या ताकदीखाली तडकायची. मग बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने दुहेरी नळ्यांची फ्रेम बनवली. ती १९५० मध्ये शर्यतीत उतरली, रायडर हॅरॉल्ड डॅनियलला ती पिसांच्या गादीसारखी वाटली म्हणून ‘फेदरबेड’ हे नाव चिकटलं, आणि त्या वर्षीच्या टीटीत ज्युनियर (३५० सीसी) आणि सीनियर (५०० सीसी) दोन्ही शर्यतींत पहिले तीन नंबर नॉर्टनचे आले. या फ्रेमा नॉर्टनच्या कारखान्यात बनतच नव्हत्या, नळ्या बनवणाऱ्या रेनॉल्ड्स कंपनीकडून यायच्या. पुढची गंमत अशी की ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारींना मॅन्क्सचं इंजिन हवं असायचं आणि नॉर्टन नुसतं इंजिन विकायला तयार नव्हती. मग लोक अख्खी मोटारसायकल विकत घ्यायचे, इंजिन काढून मोटारीत घालायचे, आणि उरलेल्या फ्रेममध्ये कुणीतरी ट्रायम्फचं इंजिन बसवायचा. ‘ट्रायटन’ गाड्यांची पैदास बरीचशी अशी झाली. आता सांगा, ओरिजिनल कशाला म्हणायचं? खासगी रायडर युरोपभर व्हॅनमधून हिंडायचा, एका रविवारी फुटलेलं पिस्टन पुढच्या रविवारपर्यंत बदलायचा, हिवाळ्यात इंजिन पुरतं खोलून पुन्हा बांधायचा. फ्रेमचा नंबर आणि इंजिनचा नंबर जुळतो का, ही लिलावात बोली लावणाऱ्याची काळजी. रायडरला पुढच्या वळणाची.

धुकं उठलं. मी क्रेग-नी-बा या वळणावर जाऊन बसलो. टीटीचा रस्ता ३७.७३ मैलांचा, दोनशेहून जास्त वळणांचा, त्यातली चांगली कुठली यावर इथे मारामाऱ्या होतील. मला हीच जागा आवडली. वरून केट्स कॉटेजपासून रस्ता सरळ खाली येतो, कोपऱ्यावर पब आहे, आणि गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. वेगवेगळ्या वेळी सोडलेले रायडर घड्याळाशी लढत असतात, त्यामुळे कोण पुढे हे नुसतं बघून कळत नाही. कानाला रेडिओ लावलेला असतो. पण शेजारची जुनी मंडळी डोळे मिटून सांगत होती, “जी फिफ्टी.” येऊन गेल्यावर बघावं तर मॅचलेस जी फिफ्टीच. हिची आणि हिच्याच घराण्यातल्या ३५० सीसीच्या एजेएस सेव्हन-आरची कॅमशाफ्ट चेनवर चालते, मॅन्क्सची बेव्हलवर. तो फरक म्हणे ऐकू येतो. मला नाही आला. मला फक्त एवढं कळलं की मॅन्क्स गिअर पाडताना मध्येच अडखळते. कमी आरपीएमला मेगाफोन इंजिनाशी भांडतो, म्हणून मंद वळणावर रायडर क्लच अर्धवट धरून आरपीएम चढते ठेवतो. पुढच्या गव्हर्नर्स ब्रिजच्या चिमुकल्या वळणावर हे फार छान दिसतं. जिंकण्याच्या वेगाने आलेली गाडी तिथे कण्हत कण्हत वळते.

क्रेगच्या त्या कठड्यावर बसून १९६७ चा सीनियर टीटी मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला. माइक हेलवूड होंडाच्या ५०० वर, ज्याकोमो अगोस्तिनी एमव्ही अगुस्तावर. होंडाला ताकद भरमसाट, पण वळणावर ती सरळ चालायला तयार नसायची. त्यात हेलवूडची थ्रॉटल ग्रिप सैल झाली. पिटमध्ये येऊन त्याने हातोडा मागितला आणि ती ठोकून बसवली. अगोस्तिनी पुढे असताना त्याची चेन तुटली. हेलवूडने त्या दिवशी केलेली ताशी १०८.७७ मैलांची फेरी १९७५ पर्यंत कुणाला मोडता आली नाही. सांगणाऱ्यांपैकी एक तेव्हा शाळकरी पोर होता. अगोस्तिनीची चेन तुटल्यावर आपण रडलो होतो, हे त्याने पबमधल्या सगळ्यांदेखत सांगितलं. दुसऱ्याचं म्हणणं, ‘होंडाने आमच्या धंद्याची वाट लावली, मी हेलवूडसाठी टाळ्या वाजवल्या, होंडासाठी नाही.’

त्या दुसऱ्याचा राग समजण्यासारखा आहे, पण हिशेब तसा नाही. होंडा १९५९ मध्ये इथे पहिल्यांदा आली तेव्हा १२५ सीसी गटात सहावा नंबर मिळवून गेली, सांघिक बक्षीसही नेलं. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, १२५ आणि २५० दोन्ही गटांत पहिले पाचही होंडा. त्याच आठवड्यात सीनियर मात्र हेलवूडने नॉर्टनवर जिंकला. म्हणजे एका सिलिंडरची मॅन्क्स अजून जिंकत होती, आणि नॉर्टनच्या कारखान्याने तिच्यात नवं काही घालणं जवळजवळ सोडून दिलं होतं. १९६६ ची २५० सीसीची होंडा सहा सिलिंडरची, १८ हजार आरपीएम फिरणारी. मॅन्क्सचा दम सात हजारांच्या आसपास संपायचा. त्या वर्षी ज्याने मॅन्क्स घेऊन शर्यत केली, त्याच्या गाडीतल्या पुष्कळ वस्तू आधीच ‘ओरिजिनल’ राहिल्या नसतील.

बलॉ ब्रिजलाही एक संध्याकाळ काढली. गावातला कुबड्या पूल, त्यावरून दोन्ही चाकं हवेत. मागचं चाक आधी टेकावं लागतं, आणि हवेत असताना थ्रॉटल उघडा राहिला तर टेकताना सगळा हिसका चेनला बसतो. चांगला रायडर पुलावर आवाज बारीक करतो. आजोबांचा नातू तिथून गेला तेव्हा आवाज अगदी वेळेवर पडला आणि वेळेवर चढला. नंतर पॅडॉकमध्ये कळलं की त्याने शर्यत पुरी केली, नंबर मात्र आला नाही. आजोबा इंजिन खोलत होते. “बेअरिंग बदलतो,” म्हणाले. कुठलं, ते मी विचारलं नाही. एकोणसाठ सालातलं जे अर्धं उरलं होतं त्यातलं असलं तर उगाच त्यांना बोलायला लावलं असतं.

जाणार असाल तर थोडं कामाचं. बोटीचं आरक्षण आणि राहायची जागा कित्येक महिने आधी धरा, तंबू हा सोपा मार्ग. रस्ते बंद झाले की ओलांडता येत नाहीत, म्हणून कुठल्या बाजूला अडकायचं ते आधी ठरवा. क्रेगला पबच्या बाजूला अडकलेलं बरं. बंगला स्टॉपला टीटीचा नामवंत रायडर जोई डनलॉपचा पुतळा आहे, तिथपर्यंत १८९५ पासून चालणारी डोंगरी ट्रॅम जाते, पण शर्यतीच्या वेळी तिचं वेळापत्रक बदलतं. जर्बीच्या जुन्या विमानतळावर क्लासिक गाड्यांचा मेळा भरत असेल तर तो चुकवू नका, तिथे गाड्यांना हात लावू देतात. मॅन्क्स पौंड इंग्लंडमध्ये सहसा घेत नाहीत, तेव्हा निघण्याआधी खर्चून टाका. एक पौंडाची कागदी नोट अजून चालते, एवढी एक ठेवून घेतली तरी हरकत नाही.