बयातीचा रे आणि रास अल-ऐनचा कीबोर्ड

मी मिरजेकडच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. हळद, वरात, रिसेप्शन, जे मिळेल ते. त्यामुळे ओमर सुलेमान या सीरियन गायकाचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा कान गायकापेक्षा मागच्या कीबोर्डवाल्याकडेच लागला. रिझान सईद त्याचं नाव. हे दोघंही सीरियाच्या ईशान्य टोकाचे, तुर्कस्तानच्या सीमेला खेटून असलेल्या रास अल-ऐन गावचे. गायक अरब, वादक कुर्द. सुलेमान १९९४ पासून त्या भागातल्या लग्नांत गात आला.

यांच्याबद्दल परदेशी लोकांनी लिहिलेलं वाचलं की एक गोष्ट मला फार खटकते. 'पारंपरिक दबके नाचाला (लग्नात हातात हात धरून नाचतात तो) टेक्नोची, म्हणजे यंत्रावरच्या नाचाच्या संगीताची जोड' असं काहीसं त्यात हमखास असतं. जणू कुणी पश्चिमेकडून यंत्र आणलं आणि गावच्या गाण्याला चिकटवलं! मांडवात कीबोर्ड आला तो कलेच्या प्रयोगासाठी नाही आला. एक माणूस झुर्ना (आपल्या सनईसारखी), मिजविज (जोडनळीची बासरी), ढोल सगळं एकट्यानं वाजवू शकतो, यजमानाला चार वादकांचे पैसे पडत नाहीत, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. आमच्या मांडवात तो याच कारणांनी आला. तिथल्या तरुणांनी जन्मापासून लग्नात हाच आवाज ऐकला असेल, तर त्यांची परंपरा तीच ना?

आणि वाद्य बाजारातून आलं तरी सूर आपले लावून घ्यावे लागतात. अरबी संगीतात बयाती नावाचा मकाम आहे, मकाम म्हणजे आपल्या रागासारखी स्वरांची चौकट. त्यातला दुसरा स्वर आपल्या कोमल रे आणि शुद्ध रे यांच्या मधोमध बसतो. साध्या कीबोर्डवर तो नाहीच. दोन पट्ट्यांच्या मधे बोट घालून सूर निघत नाही. मग काय करतात? अरबी बाजारासाठी बनवलेल्या कीबोर्डवर प्रत्येक स्वराचं ट्युनिंग वेगळं बदलता येतं. डी हा षड्ज धरला तर ई पन्नास सेंट खाली उतरवायचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्याही निम्मा. मकाम बदलला की गाणं चालू असतानाच तो परत जागेवर आणायचा आणि दुसरा उतरवायचा. मी माझ्या कीबोर्डवर हे करून पाहिलं. ई उतरवला, डावा हात डीवर धरून ठेवला आणि नुसतं डी-ई-एफ वाजवलं. पिच बेंडनं मींड काढायची सवय असलेल्या माणसाच्या अंगावर काटा आला. सूर बेसूर वाटत नाही, तो हट्टानं तिथेच उभा राहतो. ओळख म्हणजे काय, यावर कितीही चर्चा होवो, मला ती या पन्नास सेंटांत ऐकू येते.

लग्नात सुलेमानच्या शेजारी महमूद हर्बी नावाचा कवी उभा असायचा. तो कानात ओळी कुजबुजायचा आणि सुलेमान त्या तिथल्या तिथे गायचा. कार्यक्रम कॅसेटवर रेकॉर्ड व्हायचा, वधूवरांना भेट मिळायचा, मग त्याच्या प्रती निघून टपऱ्यांवर विकल्या जायच्या. अशा त्याच्या पाचशेच्या वर कॅसेटी निघाल्या असं सांगतात. त्यातूनच मार्क गर्गिस या अमेरिकन संगीतकारानं निवडून 'हायवे टू हसाके' हा संग्रह केला आणि सिएटलच्या सब्लाइम फ्रीक्वेन्सीज या लेबलनं तो २००७ मध्ये काढला.

पुढचं बरंच लोकांना माहीत आहे. युरोपचे महोत्सव, २०१३ मध्ये फोर टेट या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकारानं रेकॉर्ड केलेला अल्बम 'वेनू वेनू', त्याच वर्षी ऑस्लोत नोबेल शांतता पुरस्काराच्या मैफलीत गाणं. त्या वर्षी पुरस्कार रासायनिक शस्त्रांवर बंदी घालणाऱ्या संस्थेला होता आणि सीरियात तीच शस्त्रं वापरली गेली होती. युद्धामुळे सुलेमान तोवर तुर्कस्तानात जाऊन राहिला होता. २०१९ मध्ये तुर्की फौजेनं रास अल-ऐन घेतलं. आता त्याच्या २०२४ च्या अल्बमचं नाव 'एर्बिल' आहे, इराकमधल्या कुर्दी शहराचं.

मोठमोठ्या स्टेजवरच्या त्याच्या क्लिपा मी पाहतो. लोक बेभान नाचतात, मला त्याचा आनंदच होतो. पण लग्नाच्या वादकाला दिसतं ते वेगळं. समोर कुणाचीच सोयरीक नाही. नवरदेवाच्या घराण्याचं नाव घेऊन कुणाला पुढे बोलावता येत नाही, म्हाताऱ्या मामाचा पाय बघून लय वाढवता येत नाही. कीबोर्ड पेटीत घालून सीमेपलीकडे नेता येतो, मांडव नेता येत नाही. गावाबरोबर या लोकांचं हे गिऱ्हाईकही गेलं, आणि याबद्दल फार कुणी लिहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

अलेप्पोचा सामेर सईम एल्दहर याची वाट निराळी. 'हेलो सायकलेप्पो' या नावानं तो संगीत करतो. मुळात तो चित्रकार. तो आधी बैरूतला गेला, नंतर अमेरिकेत. जुन्या तरब गायकीचे (ऐकणाऱ्याला तल्लीन करणारी अरबी गायकी) तुकडे सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात घेऊन त्याखाली जड बेस घालतो आणि त्याला इलेक्ट्रो-तरब म्हणतो. अलेप्पो हे ऐकणाऱ्यांचं शहर, चांगल्या तानेला तिथे मैफलीतून दाद येते. नामवंत गायक सबाह फख्री तिथलाच. सामेरच्या गाण्यात तो सूर कापला जातो, परत परत फिरतो, पण तान जिथे संपायची तिथेच संपते, मधे तोडत नाही. २०१७ च्या 'तुयूर' या त्याच्या अल्बममध्ये हे नीट ऐकू येतं.

गर्गिसनं सीरियात जमवलेल्या कॅसेटींचा संग्रह आता 'सीरियन कॅसेट आर्काइव्ह्ज' म्हणून इंटरनेटवर आहे. तिथे गाजलेल्यांशेजारी लग्नात वाजवणारे साधे कलाकारही सापडतात. मी रोज रात्री एखादी ऐकतो. तुम्हीही ऐका, पण हेडफोन लावून नको. घरात जो सगळ्यात मोठा स्पीकर असेल त्यावर लावा.