तुम्ही विचारलंत म्हणून: कण शून्यातून उसने येतात का?

फिजिक्स शिकवतो म्हटलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतो, की सर ते व्हर्च्युअल पार्टिकल, म्हणजे क्षणभरच असतात म्हणतात ते आभासी कण, खरंच रिकाम्या जागेतून टपकन उगवतात आणि एनर्जी उसनी घेऊन कुणाच्या लक्षात यायच्या आत परत करतात का, व्हिडिओत तर असंच सांगतात. नाही हो. ती उसनवारीची गोष्ट मला अजिबात आवडत नाही, कारण कणांची गणितं मांडायला भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनने काढलेल्या रेषांच्या आकृत्या असतात, त्यांच्यात जिथे जिथे रेषा एकत्र मिळतात तिथे प्रत्येक ठिकाणी एनर्जी आणि मोमेंटमचा (संवेगाचा) हिशोब पै न् पै जुळतो, उधारी कुठेच नसते. व्हर्च्युअल कणांत जुळत नाही ते वेगळंच, खऱ्या कणाची एनर्जी, मोमेंटम आणि वस्तुमान यांचं जे ठरलेलं नातं असतं ना, ते.

आता हे कळायला आधी फील्ड. इलेक्ट्रॉन म्हणजे बारीक गोळी असं शाळेत डोक्यात बसलेलं असतं ते जरा बाजूला ठेवा. सगळ्या विश्वभर इलेक्ट्रॉनचं एकच फील्ड पसरलेलं आहे आणि आपण ज्याला इलेक्ट्रॉन म्हणतो ते त्या फील्डचं कंप पावणं, म्हणून तर इथला इलेक्ट्रॉन आणि पार दुसऱ्या दीर्घिकेतला इलेक्ट्रॉन यांच्यात रतीभर फरक नसतो. तानपुऱ्याची तार छेडून बोट काढलं तरी ती आपल्या सुरात वाजत राहते, तो झाला खरा कण. तीच तार न छेडता बोटाने नुसती बाजूला ओढून धरा, तार जागची हललीय, ताण आलाय, पण सूर नाही आणि जे काय आहे ते बोटाच्या जिवावर. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात तेव्हा त्यांच्यामधल्या फील्डची अवस्था साधारण अशी असते आणि तिलाच आपण 'व्हर्च्युअल फोटॉन' म्हणून मोकळे होतो. (तार सोडली की वाजेल ना, असं वर्गात कुणीतरी म्हणतंच. वाजेल की, झटक्यात सोडली तर वाजेल, आणि चार्ज झटक्यात हलवला तर खरा प्रकाशही निघतो.)

माझं आवडतं उदाहरण न्यूट्रॉनचं. मोकळा न्यूट्रॉन सरासरी 15 मिनिटांच्या आसपास टिकतो, मग त्याचा प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि अँटिन्यूट्रिनो (एक अतिशय हलका, चार्ज नसलेला कण) होतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की मध्ये डब्ल्यू बोसॉन, हा बदल घडवणारा एक जड कण, निघतो. आता न्यूट्रॉनचं वस्तुमान साधारण 940 एमईव्ही (कणांची एनर्जी आणि वस्तुमान मोजायचं एकक) आणि डब्ल्यूचं 80,000 च्या वर, म्हणजे जवळजवळ 85 पट, मग तो मावतो कुठे त्याच्यात? मावत नाहीच, कारण खरा डब्ल्यू तिथे कधी नसतोच. सगळं मिळून हाताशी एनर्जी असते 0.78 एमईव्ही, तेवढ्यात डब्ल्यूचं जड फील्ड जेमतेम हलतं, आणि जेमतेम हलतं म्हणूनच हे काम इतकं रेंगाळतं, केंद्रकाच्या जगात 15 मिनिटं म्हणजे युगं झाली.

मग हे सगळं नुसतं कागदावरचं का? तसंही नाही. 1947 मध्ये विलिस लॅम आणि रेदरफर्ड (केंद्रकवाला रदरफर्ड नव्हे, हा रॉबर्ट रेदरफर्ड, नावांचा घोळ नेहमी होतो) या भौतिकशास्त्रज्ञांनी हायड्रोजनमधल्या एनर्जीच्या दोन पातळ्या मोजल्या, पॉल डिरॅकच्या इलेक्ट्रॉनच्या गणिताप्रमाणे त्या तंतोतंत सारख्या हव्या होत्या आणि निघाला साधारण 1000 मेगाहर्ट्‌झचा फरक. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथेने त्याच वर्षी एका कॉन्फरन्सहून परतताना ट्रेनमध्ये बसल्याबसल्या त्याचं पहिलं गणित केलं आणि उत्तर जवळपास बरोबर आलं. हा फरक पडतो तो फील्डमुळेच, म्हणजे फील्डचा परिणाम खराच आहे. पण इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व डिरॅकच्या हिशोबापेक्षा जे 0.116 टक्के जास्त भरतं, ते अचूक काढायला गणिताच्या पाचव्या टप्प्यावर 12,672 आकृत्या लागतात, आणि त्यातली एखादी सुटी आकृती 'घडली' असं म्हणायला अर्थच नाही, ती एका लांबलचक बेरजेतली नुसती पदं आहेत. क्वार्कची (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांची) काही गणितं तर कॉम्प्युटरवर जाळी मांडून सरळ फील्डवरच करतात, तिथे या आकृत्या लागतच नाहीत.

आणि रिकाम्या जागेत सतत खळबळ चालू असते म्हणतात त्याबद्दल: फील्ड तिथेही शून्यावर गप्प बसलेलं नसतं, मोजायला गेलात तर वेगवेगळी उत्तरं येतील, पण ती अवस्था काळाबरोबर बदलत नाही, तिथे काही उगवत नाही की मावळत नाही.

यावर हमखास येणारा पुढचा प्रश्न म्हणजे स्टीफन हॉकिंग यांनी सांगितलेले ब्लॅकहोलमधून निघणारे किरण: ब्लॅकहोलच्या काठावर कणांची जोडी उगवते, एक आत पडतो, दुसरा पळतो. हे चित्र लोकप्रिय केलं त्यांनीच, पण 1975 च्या पेपरात त्यांनी स्वतःच बजावून ठेवलंय की हे समजुतीपुरतं आहे, शब्दशः धरू नका. तसंही त्या किरणांची वेव्हलेंग्थच ब्लॅकहोलच्या आकाराएवढी किंवा त्याहून मोठी असते, मग ते काठावरच्या अमुक एका जागेवरून निघाले असं सांगणार तरी कसं?