सांबार आणि डॉट बॅशआरसी

“मामाजी, एल-एसच गायब झालं!”

भाची कापसाच्या ढिगावर मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीवर माझा जुना लॅपटॉप होता. दारव्ह्याकडे आमच्या गावात वेचणी सुरू झाली की घरातली पुढची खोली माणसांची राहत नाही. बरा भाव येईस्तोवर ती कापसाची. पाहुण्याने ओसरीवर बसावं, नाहीतर ढिगावर. कीबोर्डात ‘के’ आणि ‘एल’च्या फटीत कापसाचा एक पुंजका अडकला होता. मी आधी तो काढला. उत्तर लगेच देता आलं असतं, पण पोरीला जरा घाबरू द्यावं म्हटलं.

एल-एस म्हणजे फोल्डरातल्या फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा, टर्मिनल नावाच्या खिडकीत टाइप करायची. पडद्यावर तेच ते प्रसिद्ध वाक्य होतं, कमांड नॉट फाउंड, म्हणजे अशी आज्ञा सापडली नाही. दहा मिनिटांपूर्वी सगळं धड होतं. तिने डॉट बॅशआरसी, म्हणजे दर नवी खिडकी उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल, उघडून शेवटी एक ओळ टाकली, जुनी खिडकी बंद केली, नवी उघडली आणि सगळं गाव ओस. “फाइल दुरुस्त कराले एडिटर पायजे, अन् एडिटरच सापडून नाही रायला!”

“सीडी करून पाहा.”

सीडी, म्हणजे फोल्डर बदलायची आज्ञा, चालली. मग एको, म्हणजे दिलेलं छापून दाखवणारी आज्ञा, लिहून पुढे ताऱ्याचं चिन्ह दिलं, तर फोल्डरातल्या फाइलींची नावं एका रांगेत आली. तिचे डोळे मोठे झाले. आपण टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवतो तो प्रोग्राम म्हणजे शेल. सीडी आणि एको शेलच्या पोटातले आहेत, तारा उलगडणंही त्याचंच काम. एल-एस मात्र वेगळा प्रोग्राम, राहतो स्लॅश यूएसआर स्लॅश बिनमध्ये. तो गेला कुठेच नव्हता. शेल त्याला शोधायला कुठे जायचं तेच विसरला होता.

आमच्या गावात कोणी हवा असला तर आधी पानठेला, मग मारुतीचा पार, मग पिठाची गिरणी. पहिल्या ठिकाणी भेटला की पुढे जायचं नाही. त्याच नावाचा दुसरा कोणी गिरणीवर बसला असला तरी आपला तो ठेल्यावरचाच. पाथ नावाची यादी तशीच, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं टाकून लिहिलेली. पोरीने आपल्या फोल्डरचं नाव त्या यादीत घातलं, पण सोबत ‘डॉलर पाथ’, म्हणजे ‘आधीची यादीही’, लिहायचं विसरली. म्हणजे यादी फाडली आणि नव्या कागदावर एवढंच लिहिलं, ‘आमच्या घरी पाहा’. मग कोण सापडणार? पूर्ण पत्ता दिला, स्लॅश यूएसआर स्लॅश बिन स्लॅश नॅनो, तशी नॅनो या एडिटरात फाइल उघडली.

दुरुस्ती एका ओळीची होती. पण नवी खिडकी उघडून तपासल्याशिवाय जुनी बंद करायची नाही, हे तिला तीनदा बजावलं. आमचे बाबा नवी बैलजोडी दावणीला बांधल्याशिवाय जुनी बाजारात नेत नसत.

या फाइलीच्या नावातला डॉट आळसातून आलाय, हे सांगितलं तेव्हा तिला हसू आलं. यादीत ‘डॉट’ (हेच फोल्डर) आणि ‘डॉट डॉट’ (वरचं फोल्डर) या दोन नोंदी दिसू नयेत म्हणून युनिक्स ही जुनी संगणकप्रणाली घडवणाऱ्यांनी सुरुवातीला सोपा मार्ग काढला, नाव टिंबाने सुरू झालं की दाखवायचंच नाही. त्या आडोशाला पुढे सगळ्यांनी आपापलं सामान नेऊन टाकलं. स्टीफन बॉर्नचा शेल १९७९चा, ब्रायन फॉक्सचा ‘बॉर्न अगेन शेल’, म्हणजे आपला बॅश, १९८९चा. ‘बॉर्न अगेन’ म्हणजे पुनर्जन्म, असली कोटी युनिक्सवाल्यांच्या परंपरेत खपून जाते.

तिला सगळ्यात आवडलं ते एलियास. आज्ञेचं घरचं नाव. शाळेच्या दाखल्यावर काहीही असो, घरी बाल्या. तिने एल-एस मायनस एलला, म्हणजे तपशीलवार यादीच्या आज्ञेला, रोमन लिपीत ‘दाखव’ नाव ठेवलं. मी म्हटलं, खुशाल ठेव, पण सांबाराचं ध्यानात असू दे. पुण्यात नवा असताना मी भाजीवालीला म्हटलं होतं, “मावशी, पाच रुपयांचा सांबार द्या.” तिने समोरचं इडलीचं हॉटेल दाखवलं. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तिच्या फाइलीत नव्हतं. पुढे ही पोर यवतमाळला प्रॅक्टिकलला ‘दाखव’ लिहून बसलीच. सरांनी विचारलं, हे काय? म्हणे, “घरचं नाव हाय सर.”

नवशिक्याला मी तीनच ओळी देतो. जुनं शाबूत ठेवून वाढवलेला पाथ, त्याच्या आवडीचं एक एलियास आणि हिस्ट्री दहा हजारांवर. बॅश आपणहून ५०० आज्ञाच लक्षात ठेवतो, उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या तयार फाइलीत १०००. शिकणाऱ्याला कालची चूक उद्या शोधायची असते, त्याला एवढ्याने काय होतं? रंगीत प्रॉम्प्ट, म्हणजे ‘आता आज्ञा लिहा’ सांगणारी खूण, वगैरे तो स्वतः आणतो, ते कोणी शिकवावं लागत नाही.

मला मात्र पहिल्या नोकरीत एका सिनियरने प्रेमाने आपली चारशे ओळींची फाइल दिली होती. आयतं घर, मी हरखून गेलो. तो नोकरी सोडून गेला आणि काही महिन्यांनी दर नवी खिडकी उघडायला अर्धा मिनिट लागू लागलं. कुठली तरी ओळ बंद पडलेल्या सर्व्हरचं दार वाजवत बसायची. कुठली, ते कळेना. पुसायची हिंमत होईना. चहा करून यावं तोवर प्रॉम्प्ट येई. मी तसाच राहिलो, भाडेकरूसारखा.

एव्हाना लाईन गेली होती. बॅटरीवर चाललं होतं. भाचीने नवी खिडकी उघडली, एल-एस आलं. मग उत्साहाने मायनस ए लावून टिंबाआडचं सगळं सामान बाहेर काढलं आणि एका नावावर बोट ठेवलं. डॉट बॅशआरसी डॉट जुनी.

“मामाजी, हे चारशे ओळीवालं अजून कायले ठेवलं?”

“राहू दे,” म्हटलं.