स्मरणिका अपडेट: ओळींमधली फट सापडली (पण बॉडी फॉन्ट गेला)

सापडली एकदाची! मागच्या अपडेटमध्ये ज्या फटीच्या नावाने शिमगा केला होता ना, मध्येच एखादी ओळ खाली घसरायची ती, तिचं मूळ एका अक्षरात निघालं. ॲ. ॲडव्होकेटमधला ॲ.

नवीन मंडळींसाठी एवढंच सांगतो की कॉलनीच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका आहे, ए-5, सेंटर पिन (मधोमध दुमडून पिन मारलेली), लेख कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेत तर कुणी जुन्या नॉन-युनिकोड (म्हणजे अक्षरांच्या जागतिक प्रमाण कोडांत न बसणाऱ्या) फॉन्टात टाईप करून, आणि मी ते सगळं वर्डमध्ये एका साच्यात बसवतोय. स्टाईल्सचं काम मागेच झालंय. कंट्रोल-स्पेस आणि कंट्रोल-क्यू मारून सगळ्यांचं आपापलं रंगकाम पुसलं, डबल एंटर उडवले, स्पेसबार दाबदाबून मध्यभागी आणलेली शीर्षकं हेडिंग 1 मध्ये टाकली. अनुक्रमणिका आता एका क्लिकवर अपडेट होते, आणि ती होताना बघायला मी उगाचच अधूनमधून क्लिक करतो, खोटं कशाला बोलू.

तर फट. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी स्पेसिंग बिफोर-आफ्टर बघ म्हणून सांगितलं होतं, ते शून्यच होतं. कुणी स्नॅप टू ग्रिड काढ म्हणालं, काढलं, फरक नाही. शिफ्ट-एफ1 दाबून रिव्हील फॉरमॅटिंग उघडलं तर घसरलेली ओळ आणि तिच्या वरची ओळ अगदी सारखी, लॅटिनचा फॉन्ट तोच, कॉम्प्लेक्सचा तोच, साईज तीच. (हे दोन कप्पे वेगळे असतात हे अजूनही लोकांना माहीत नसतं. मराठी अक्षरं कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या कप्प्यातून फॉन्ट घेतात, म्हणून स्टाईलमध्ये फक्त लॅटिनचा फॉन्ट बदलला तर मराठी जिथल्या तिथे राहतं आणि माणूस म्हणतो वर्ड ऐकत नाही.)

मग पीडीएफ काढून प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्सची यादी बघितली, आणि तिथे निर्मला यूआय हा विंडोजचा फॉन्ट बसलेला! मी फाईलमध्ये कुठेच वापरलेला नाही. म्हणजे कुठलं तरी अक्षर माझ्या बॉडी फॉन्टमध्ये (मुख्य मजकुराच्या फॉन्टमध्ये) नाहीये, वर्ड ते गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून उसनं आणतंय, आणि सिंगल स्पेसिंगमध्ये ओळीची उंची त्या ओळीतल्या सगळ्यात उंच फॉन्टप्रमाणे ठरते म्हणून तेवढी एकच ओळ खाली ढकलली जाते. वरच्या फॉन्टच्या डब्यात नाव मात्र माझ्याच फॉन्टचं दिसतं, त्यामुळे संशय येणार तरी कसा.

आता अक्षर कुठलं ते शोधायचं. इथे खरी गंमत आहे. एका लेखातल्या ॲडव्होकेटवर फट होती आणि दुसऱ्या लेखातल्या अ‍ॅडव्होकेटवर नव्हती, दिसायला शब्द जवळजवळ सारखेच. अक्षराच्या मागे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं की वर्ड त्या अक्षराचा कोड दाखवतो (परत दाबलं की अक्षर परत). पहिल्यात आला 0972, दुसऱ्यात 0945. म्हणजे पहिला एकसंध ॲ आणि दुसरा अ, मग झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, न दिसणारं जोडचिन्ह), मग वरचा चंद्र असा तीन तुकड्यांचा. तो झेडडब्ल्यूजे मध्ये का घालतात तर नुसता अ आणि चंद्र जोडला की बऱ्याच ठिकाणी मध्ये टिंबांचं वर्तुळ उगवतं, ते टाळायला.

एकसंध ॲ युनिकोडमध्ये आला 2008 साली, 5.1 आवृत्तीत. माझा बॉडी फॉन्ट त्याच्या आधीचा. इतका देखणा फॉन्ट, उकार काय सुंदर, जोडाक्षरं काय सुटसुटीत, आणि ॲच नाही. फुकटचे जुने फॉन्ट घेताना मी आता आधी एक चाचणी ओळ टाकणार आहे: ॲ, ऑ, ऱ्या, ळ्या, र्कीं, ₹. (रुपयाचं चिन्ह 2010 चं, तेही जुन्या फॉन्टांत नसणारच.)

उपाय म्हणून आधी वाटलं सगळे ॲ बदलून तीन तुकड्यांचे करू, फाइंडमध्ये कॅरेट-यू-2418 टाकलं की झालं. पण मग पीडीएफमध्ये कुणी साधा ॲ टाईप करून आपलं नाव शोधलं तर सापडणार नाही, आणि स्मरणिकेत लोक दुसरं काय शोधतात हो! दुसरा उपाय लाईन स्पेसिंग एक्झॅक्टली 18 पॉइंट. केलं, फट गेली, पण ॲ वेगळ्या फॉन्टातलाच राहिला, जाड आणि परका, एकदा दिसला की सारखा तोच दिसायला लागतो. शिवाय हेडिंगची स्टाईल नॉर्मलवर बेतलेली असल्यामुळे एक्झॅक्टली तिथेही उतरलं आणि मोठ्या अक्षरांच्या वेलांट्या, रफार वरून कापले गेले. हेडिंगला वेगळं मल्टिपल 1.1 दिल्यावर ते तरी सुधारलं.

शेवटी मन घट्ट करून फॉन्टच बदलला. बॉडीला तिरो देवनागरी मराठी. पाकळीचा ल आणि देठाचा श त्यात मुळातच आहेत. काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी सेट केली तरच मराठी वळण येतं आणि ते सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालेलच असं नाही, ती कटकट इथे नाही. अडचण एकच, याला बोल्ड नाही, रेग्युलर आणि इटॅलिक एवढंच. बी दाबलं की वर्ड अक्षर नुसतं फुगवतं आणि प्रिंटमध्ये आतली भोकं बुजतात. म्हणून "ठळक" नावाची कॅरेक्टर स्टाईल केली, तिच्यात मुक्ता सेमीबोल्ड अर्धा पॉइंट लहान, आणि हेडिंगलाही मुक्ताच. माझ्या मते मराठी मजकुरात बोल्ड जेवढं कमी तेवढं बरं, पण आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला प्रत्येक पदाधिकाऱ्याचं नाव ठळकच हवंय.

फॉन्ट बदलल्यावर 64 पानांची 67 झाली. सेंटर पिनला चारच्या पटीत पानं लागतात, म्हणजे एकतर 68 आणि एक कोरं, नाहीतर तीन पानं कापायची. लिहिता लिहिता सुचतंय की जस्टिफाय काढून डावीकडे अलाइन केलं तर? पानं त्याने कमी होणार नाहीत, पण माझ्या वर्डमध्ये मराठीला हायफनेशन (ओळीच्या शेवटी शब्द तोडणं) मिळत नाही आणि ए-5 च्या अरुंद ओळीत "महानगरपालिकेच्याविरुद्ध" सारखा शब्द आला की जस्टिफायमध्ये शब्दांच्या मधून ट्रक जाईल. ते करतोच. आणि साईज 12 वरून 11.5, स्पेसिंग 18 वरून 17.5. आत्ता ट्राय केलं, 65 झाली. एक पान जाहिरातीतून काढतो, सोसायटीच्या अध्यक्षांचे फोटो तसेही दोनदा आलेत.

प्रेसवाल्याने पीडीएफ चालेल म्हटलंय, पण आधी ओपन फाईल द्या, आम्ही सेट करून घेतो असा आग्रह होता. अजिबात देणार नाही. त्यांच्या मशीनवर तिरो नसला की पुन्हा उसनवारी सुरू. कागद 80 जीएसएम मॅपलिथो सांगितलाय, 70 वर मागच्या पानाचा मजकूर पुढे दिसतो.

राहिलाय तो ऱ्य. काहींनी ऱ वापरून टाईप केलाय तर काहींनी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे घालून. दिसतात सारखे, शोधताना एक सापडतो तर दुसरा राहतो. हे बदल आपोआप करणारा मॅक्रो लिहायला बसलो तर व्हीबीएच्या (वर्डच्या मॅक्रो-भाषेच्या) खिडकीत मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात, त्यामुळे प्रत्येक अक्षराचा आकडा देऊन लिहावं लागतंय. कुणाकडे तयार असेल तर टाका इथे, आणि ज्याच्या पुढे हलन्त आणि झेडडब्ल्यूजे दोन्ही आहेत तोच र फक्त बदलणारा हवा, नाहीतर सगळे रफार मोडतील.