‘प्रथमा म्हणजे कर्ता’ असे पाणिनी कुठेच म्हणत नाही

माझ्या भाचीच्या संस्कृतच्या वहीत एक तक्ता आहे : प्रथमा म्हणजे कर्ता, द्वितीया म्हणजे कर्म, तृतीया म्हणजे करण (साधन), आणि असेच पुढे सप्तमीपर्यंत. असाच तक्ता मीही शाळेत पाठ केला होता. मागच्या रविवारी ‘रामेण बाणेन हतो वाली’ (रामाने बाणाने वालीला मारले) हे वाक्य सोडवताना ती अडली आणि तिने विचारले, “मावशी, रामालाही तृतीया आहे आणि बाणालाही. मग राम हेसुद्धा करणच का गं?” तक्ता खरा मानला तर होय म्हणावे लागते, आणि वाक्याचा अर्थ कळणारे कोणीही तसे म्हणणार नाही. या अडचणीचे उत्तर पाणिनीने सूत्रांच्या मांडणीतच देऊन ठेवले आहे आणि ते मला त्याच्या साऱ्या व्याकरणातले सर्वांत सुंदर स्थळ वाटते.

पाणिनीच्या व्याकरणग्रंथात, अष्टाध्यायीत, कारके (म्हणजे क्रियेतल्या कर्ता, कर्म, करण अशा भूमिका) पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात येतात आणि विभक्ती दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात. पहिल्या ठिकाणी प्रत्ययांचा विषयच नाही. तिथे क्रिया घडताना कोण काय करतो, एवढेच पाहिले आहे. दूर जाण्याच्या क्रियेत जे स्थिर ते अपादान (१.४.२४), क्रिया सिद्ध करण्यात जे सर्वाधिक साहाय्यक ते करण (१.४.४२), कर्त्याला जे सर्वांत जास्त हवेसे ते कर्म (१.४.४९), आणि जो स्वतंत्र तो कर्ता (१.४.५४). यातला ‘स्थिर’ हा शब्दही सापेक्ष आहे. धावत्या घोड्यावरून माणूस पडतो तेव्हा घोडा धावत असला तरी पडण्याच्या क्रियेपुरता तोच स्थिर असतो, म्हणून ‘धावतः अश्वात् पतति’ अशी पंचमी येते. चालत्या गाडीतून उतरू नका, असे आपण बजावतो तेव्हा ती गाडीही याच अर्थाने स्थिर असते.

विभक्तीच्या प्रकरणाचे पहिलेच सूत्र आहे ‘अनभिहिते’ (२.३.१). अनभिहित म्हणजे न सांगितलेले. जे कारक वाक्यात दुसऱ्या कशाने आधीच सांगून झालेले नाही, त्याच्यासाठीच पुढच्या विभक्ती आहेत. ‘देवदत्तः ओदनं पचति’ (देवदत्त भात शिजवतो) या वाक्यात कर्ता ‘पचति’मधल्या ‘ति’ने सांगितलेला आहे. कर्म सांगायचे उरले, म्हणून ‘ओदन’ला द्वितीया लागली. ‘देवदत्तेन ओदनः पच्यते’ असे म्हटले की क्रियापदाचा प्रत्यय कर्म सांगतो, कर्ता उरतो आणि त्याला तृतीया लागते. कारण कर्ता आणि करण या दोहोंना तृतीया द्यावी, असे सूत्रच आहे (२.३.१८). ‘हतः’ या रूपानेही कर्म, म्हणजे वाली, सांगितला आहे. म्हणून राम कर्ता, बाण करण आणि दोघांनाही तृतीया. मग प्रथमा कशासाठी? शब्दाचा मूळ अर्थ, लिंग, परिमाण आणि वचन एवढेच सांगायचे असेल तर (२.३.४६). त्या सूत्रात कर्ता हा शब्दच नाही. षष्ठीही ‘शेषे’, म्हणजे जे उरले त्या संबंधासाठी आहे. ते कारक नव्हे.

ही दोन प्रकरणे एकमेकांपासून इतकी दूर आहेत, म्हणूनच त्यांतला फरक स्पष्ट दिसतो. भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदी या ग्रंथात सोयीसाठी पाणिनीची सूत्रे विभक्तीवार लावली आणि कारकांच्या व्याख्या त्या त्या विभक्तीपाशी आणून ठेवल्या. शिकायला ती मांडणी सुटसुटीत आहे आणि मीही त्याच वाटेने शिकले. पण तिच्यात हे अंतर मिटते आणि शाळेतला तक्ता त्याच दिशेचे पुढचे पाऊल आहे, असे माझे मत आहे.

कारक हे वस्तूला कायमचे चिकटलेले नसते, ही गोष्टही तक्त्यात मावत नाही. बाण धनुष्यापासून दूर जातो, म्हणून धनुष्य अपादान ठरायला हवे. तेच वेध घेण्याचे साधन आहे, म्हणून करणही ठरते. एका वेळी एकच संज्ञा आणि विरोध आला तर नंतरची बलवान, या नियमाने करण जिंकते आणि ‘धनुषा विध्यति’ (धनुष्याने वेध घेतो) असे होते. पण धनुष्यालाच स्वतंत्र म्हणून दाखवायचे असेल तर ‘धनुर्विध्यति’ हेही शुद्ध आहे. पतंजलीने महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरील आपल्या भाष्यात, ‘स्थाली पचति’चा (पातेले शिजवते) विचार याच रीतीने केला आहे : तांदूळ सामावून घेणे आणि धरून ठेवणे ही पातेल्याची स्वतःची क्रिया आहे आणि तिच्यापुरते पातेले स्वतंत्र आहे. स्वयंपाकघरात आपण ‘ही सुरी कापत नाही’ असे सहज म्हणतो, तेव्हा करणाला कर्ता केलेले असते.

हे सगळे सांगून झाल्यावर मी भाचीला मराठीतले प्रयोग आठवायला सांगितले. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने पोळी खाल्ली’ : क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणजे कर्म त्यानेच सांगितले, म्हणून आंबा आणि पोळी प्रत्ययाविना उभे आहेत आणि कर्त्याला ‘ने’ लागला आहे. ही रचना ‘हतः’सारख्या संस्कृत रूपांतूनच मराठीपर्यंत आलेली आहे. मग तिने स्वतःहून ‘शिपायाने चोराला पकडले’ हे वाक्य घेतले. संस्कृतात भावे प्रयोग अकर्मक धातूंचाच होतो. मराठीने तो सकर्मकालाही दिला. इथे ‘पकडले’ शिपायाप्रमाणेही बदलत नाही आणि चोराप्रमाणेही नाही. दोघेही अनभिहित, आणि दोघांनाही प्रत्यय. “म्हणजे या वाक्यात प्रथमा कुणालाच नाही,” ती म्हणाली आणि तक्त्यातल्या ‘कर्ता’ या शब्दापुढे तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले.