सुई बंद, तरी शुगर ४६

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरून सकाळी पावणेनऊला फोन आला. "डॉक्टर, दादा काहिलीजवळच खाली बसलाय. घामानं निथळतोय. बोलतोय पर काय कळंना." शुगरचं मशीन घरात होतं, आकडा ४६. गिळता येतंय ना, एवढं विचारून घेतलं आणि तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यायला लावलं. पंधरा मिनिटांनी ७४. तेव्हा कुठं भावाला सुचलं, "सुई तर वरीस झालं बंद हाय. मग शुगर घसरली कशी वो?"

पेशंट हंगामात गुळव्याचं काम करणारा, वय ४७. सोळा महिन्यांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून आतड्याला जोडायचं ऑपरेशन) झाला तेव्हा वजन ११८ किलो, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ९.८ आणि दिवसाला ५८ युनिट इन्शुलिन. आता वजन ८२, एचबीएवनसी ५.८, मधुमेहाचं औषध एकही नाही.

ओपीडीत आल्यावर आधी गोळ्यांची चौकशी. घरात आईला ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू होती. अशा घरात चुकून दुसऱ्याची गोळी पोटात जाणं नवं नाही, आणि ही गोळी स्वादुपिंडाला पिळूनच इन्शुलिन काढते. म्हणजे रक्तात दिसतं ते शरीराचंच इन्शुलिन, त्यामुळं नुसत्या रक्ततपासणीवर विसंबता येत नाही. स्ट्रिप मागवली, गोळ्या मोजल्या. हिशेब बरोबर होता.

"सकाळी काय खाल्लं?"

"काय न्हाई. पाक बघताना वाटीभर काकवी. गरमच. वर तांब्याभर पाणी."

तिथंच उत्तर मिळालं. बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलिलिटरची पिशवी उरते आणि ती थेट पुढच्या लहान आतड्याला जोडतात. जठराच्या खालच्या टोकाशी साखर थोडी थोडी सोडणारा दरवाजाच वाटेत राहत नाही. काकवी, त्यात पाण्याची भर, म्हणजे सगळी साखर काही मिनिटांत आतड्यात. आतड्याच्या खालच्या भागातल्या एल-पेशींना एवढा लोंढा मिळाला की त्या जीएलपी-१ हे संप्रेरक नेहमीच्या कितीतरी पट सोडतात. ते स्वादुपिंडाच्या बीटा पेशींना इन्शुलिन सोडायला लावतं. रक्तातली साखर अर्ध्या तासात शिखरावर जाते, इन्शुलिन त्याहून जोरात येतं, आणि साखर संपली तरी त्याचा अंमल ओसरलेला नसतो. दोन तासांनी माणूस चुलवाणाशेजारी बसतो.

पुढच्या आठवड्यात मिश्र आहाराची चाचणी केली. बायपासवाल्याला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून चाचणी करू नये. डंपिंग होऊन (साखर एकदम आतड्यात उतरून घाम, चक्कर येऊन) तो टेबलावरच आडवा होईल, आणि आकडेही फसवे येतील. प्रथिनं, स्निग्ध आणि पिष्ट असलेलं ठरावीक पेय दिलं. उपाशीपोटी शुगर ९०, अर्ध्या तासाला २१४, दोन तासांना ५७. सोबत सी-पेप्टाइड पाहिलं. शरीर स्वतः इन्शुलिन बनवतं तेव्हा प्रत्येक रेणूमागं सी-पेप्टाइडचा एक तुकडा सुटतो; टोचलेल्या इन्शुलिनमध्ये तो नसतो. उपाशीपोटी ते ऑपरेशनआधी ३.४ होतं, आता १.५. आणि अर्ध्या तासाला १०.८.

हे दोन आकडे मी भावासमोर शेजारी-शेजारी लिहिले. ऑपरेशननं इन्शुलिन वाढतं असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. उपाशीपोटीचं इन्शुलिन उलट कमी होतं, कारण यकृत आणि स्नायू त्याला पुन्हा दाद देऊ लागतात. वाढतो तो जेवणानंतरचा पहिला झटका, जो मधुमेहात सगळ्यात आधी नाहीसा झालेला असतो. याच पेशंटचं लँटस (दिवसभर पुरणारं इन्शुलिन) आम्ही ऑपरेशनच्या दिवशी निम्म्यावर आणलं आणि चौथ्या दिवशी थांबवलं, तेव्हा वजन जेमतेम तीन किलो उतरलं होतं. त्या पहिल्या दिवसांचं श्रेय बरंचसं उपासमारीला: दिवसाला तीन-चारशे कॅलरी पोटात गेल्या की यकृत रात्रभर साखर ओतायचं कमी करतं. मात्र उपास संपल्यावरही सुधारणा टिकते. सर्जन वॉल्टर पोरीज यांनी १९९५ साली अमेरिकेतल्या आपल्या बायपास पेशंटची आकडेवारी मांडली तेव्हापासून सर्जन मधुमेहाकडं वेगळ्या नजरेनं बघू लागले.

भाऊ अंगानं काटकुळा, विसाव्या वर्षापासून सुईवर. "मग माझंबी करून टाका की." त्याचं सी-पेप्टाइड ०.२ पेक्षा कमी. टाइप १. आतड्यानं कितीही सांगितलं तरी ऐकायला बीटा पेशी उरल्या पाहिजेत. सुई थांबवली तर हा किटोॲसिडोसिसमध्ये जाईल, म्हणजे इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साचून जिवावर बेतेल. त्याला नाही म्हटलं. टाइप २ मध्येही मधुमेह जितका जुना आणि सी-पेप्टाइड जितकं कमी, तितकी आशा कमी.

दादाचा आहार मात्र नव्यानं लावला. दिवसात सहा वेळा, एका वेळेला पिष्ट ३० ग्रॅमच्या आत, आधी अंडं, उसळ किंवा मटणाचा तुकडा, भाकरी मागून. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. काकवी, रस, चहातला गूळ बंद. "पाक चाखल्याबिगर कळणार कसा?" म्हणाला. थंड पाण्यात गोळी वळून बघा, चाखायचं काम पोराला द्या, असं ठरलं. महिन्यानंतरही शुगर अधूनमधून घसरत राहिली म्हणून अकार्बोज २५ मिलिग्रॅम पहिल्या घासाबरोबर सुरू केलं. ते पिष्टाचं आणि साखरेचं पचन लांबवतं, पोटात वारा धरतो, पण शिखर बोथट होतं.

यातली एक अडचण बहुतेक घरी सांगायची राहून जाते. अकार्बोज चालू असताना शुगर पडली, तर साखर किंवा गूळ देऊन भागत नाही. गुळातली साखर फोडणारं विकरच या औषधानं अडवलेलं असतं. ग्लुकोजच लागतं, १५ ग्रॅम, आणि शुगर सावरल्यावर मूठभर शेंगदाणे, नाहीतर ती पुन्हा घसरते. ढेपांच्या थप्पीशेजारी, चिपाडाच्या धुरात काम करणारा हा माणूस आता बंडीच्या खिशात मेडिकलमधली ग्लुकोजची पुडी ठेवतो. गुऱ्हाळावरचे गडी त्याला त्यावरून रोज चिडवतात.