तुम्ही विचारलंत म्हणून: चांगलं सॉफ्टवेअर का घेत नाही?

"एवढ्या चादरींच्या नक्ष्या करता, मग एक चांगलं सॉफ्टवेअर घ्यायला काय जातं?" सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत, परवा तर एका मयतीलाही मला हे विचारलं गेलं. दर वेळी हसून वेळ मारून नेतो. आता एकदाच सांगतो.

तत्त्वबित्त काही नव्हतं. पहिली दोन वर्षं तेच महागडं सॉफ्टवेअर मी चोरून वापरलं. मग लाज वाटली म्हणा, धाडीची भीती म्हणा, कर्ज काढून रीतसर घेतलं. सोबत काडेपेटीएवढं डोंगल आलं, प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं. ते नसेल तर प्रोग्राम उघडायचाच नाही. तेव्हा मी ऐटीत सांगायचो, बाजारात चार कंपन्या आहेत, नाही पटलं तर दुसरीकडे जाऊ. किती भोळा होतो! ती स्पर्धा माझ्या खरेदीच्या दिवसापुरती होती. पुढची प्रत्येक नक्षी त्यांच्याच फाइलीत गेली आणि ती फाइल बाकी तिघांकडे उघडत नव्हती.

मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपी वाऱ्यावर सोडलं, त्याच वर्षी दिवाळीआधी माझा मदरबोर्ड जळाला. नव्या मशीनला तसला पोर्टच नाही. विक्रेत्याला फोन केला. "ते व्हर्जन बंद झालं, नवं घ्या." किंमत एका जुन्या मागाएवढी. जुन्या फाइली उघडतील का? "बघावं लागेल."

नेमकी तेव्हाच जुन्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आली, तोच मोर पाहिजे. फाइलीचं नाव दिसत होतं, तारीख दिसत होती, मोर दिसत नव्हता.

मोर मुळात वडिलांचा, ग्राफ पेपरवर काढलेला. मी तो फक्त कॉम्प्युटरवर घेतला होता. वडील म्हणाले, माळ्यावर बघ. दोरीत ओवलेली २४० कार्डं निघाली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. जॅकार्ड म्हणजे मागावरचं नक्षी उठवणारं यंत्र. आमचं जुनं, २०० हुकांचं. हूक उभे धागे उचलतात, कुठले ते कार्डावरची भोकं ठरवतात. दर आडव्या धाग्याला एक कार्ड. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी वडील एकेक कार्ड दिव्यासमोर धरून वाचायचे, "भोक, भोक, कोरं, भोक..." आणि मी चौकोन भरायचो. चार रात्री. माझी ओळ चुकली की ओरडायचे, मग दोघांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. तिसऱ्या रात्री त्यांनी विचारलं, "बाकीच्या नक्ष्यांचं काय?" मी गप्प बसलो. बाकीच्यांची कार्डं कधी पाडलीच नव्हती. त्या थेट इलेक्ट्रॉनिक जॅकार्डसाठी केल्या होत्या, तिथं कार्डांऐवजी फाइल चालते.

चादरी आठ दिवस उशिरा गेल्या. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

तेव्हापासून गिंप, चित्रांचं फुकट सॉफ्टवेअर. सगळं बीएमपी नाहीतर पीएनजीमध्ये, म्हणजे कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडणाऱ्या साध्या चित्रांच्या फाइलीत, एक ठिपका म्हणजे एक हूक. पीएनजीचा जन्मही अशाच भांडणातून झालाय. १९९४ च्या अखेरीस जीआयएफ या चित्रांच्या जुन्या प्रकारातल्या पेटंटवर पैसे मागायला सुरुवात झाली, तेव्हा प्रोग्रामरांनी मिळून नवा, कुणालाही वापरता येईल असा प्रकार बनवला. १९९६ मध्ये तो जाहीर झाला.

पण सुख नाही. आठच्या सॅटिनचे (ही विणीची एक पद्धत) पॅटर्न मी हातानं करून ठेवलेत, रंग निवडून ते एकेक भरावे लागतात. विकतच्या सॉफ्टवेअरवर दहा मिनिटांचं काम मला तासभर पुरतं. शिवाय इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला शेवटी त्याच्याच प्रकारातली फाइल लागते. त्यासाठी मित्राकडे जातो, त्याच्या विकतच्या सॉफ्टवेअरवर. म्हणजे कुलूप आहेच, मी फक्त आत माल ठेवत नाही. २००४ मध्ये युरोपियन कमिशननं मायक्रोसॉफ्टला दंड केला आणि प्रतिस्पर्ध्यांचे सर्व्हर विंडोजशी बोलू शकतील एवढी माहिती द्यायला लावली. आमच्या मागांसाठी कोण भांडणार?

फुकटवाल्यांनी उद्या काम सोडलं तर, असंही विचारता. गिंपच्या जीपीएल लायसन्समुळे कोड उघडा राहतो, कुणीही पुढे चालवू शकतो. पण तो कुणी मी नाही. मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही.

आता पुतण्या धंद्यात आलाय. त्यानं नव्या सॉफ्टवेअरचं कोटेशन आणून टेबलावर ठेवलंय. मी नको म्हटलेलं नाही. समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलंय, "डोंगल काढल्यावर सगळ्या नक्ष्या बीएमपीत बाहेर काढता येतील का?" सेल्समन म्हणाला, विचारून सांगतो. तीन आठवडे झाले.